पहिल्या नंबराने पास झालेला नवरा

शिवणवाली दोन वर्षं मार सोसून आपल्या ताईकडे राहायला आली होती. नवरा वायरमन. कोर्टाने त्याला बायकांवर हात उचलणाऱ्या पुरुषांच्या सुधार वर्गात पाठवलं होतं. वर्ग संपला आणि तो लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन दारात हजर झाला.

"वर्गात पहिला आलो," तो म्हणाला. "चल, सामान आवर."

ताईने प्रमाणपत्र तेवढं आत घेतलं आणि वायरमनला बाहेर ठेवून दार लावलं.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली ते घेऊन वर्गाच्या कचेरीत गेली. "यावर सही कुणाची?"

"माझी," साहेब खुशीत म्हणाले. "शंभर टक्के हजेरी आहे त्यांची!"

"शाळेत माझीही होती. गणित शेवटपर्यंत आलं नाही. हे सुधारले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. फॉर्मवर लिहून दिलंय."

कोपऱ्यातल्या समुपदेशक बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "साहेब, आपण बायकांना कधी विचारलंच नाही."

पुढच्या आठवड्यात, पुरुषांचा वर्ग नसलेल्या दिवशी, तिथे येणाऱ्या पुरुषांच्या सहा बायका वर्गाच्या खोलीत जमल्या. साहेब पेन सरसावून बसले. "रागाचं प्रमाण एक ते दहामध्ये सांगा."

"राग कुणाला मोजायचाय?" बेकरीवाली म्हणाली. "आमचे हे आता हात उचलत नाहीत. 'मी शांत होण्यासाठी विराम घेतोय' म्हणतात आणि तीन दिवस माझा फोन कपाटात कोंडून ठेवतात. ही युक्ती शेजारच्या बाकावरच्याने शिकवली म्हणे. बाक तुमचाच."

बायका खो खो हसल्या. साहेबांनी 'विराम' लिहिलं आणि खोडलं.

"माझा तर रोज भावना व्यक्त करतो," दुसरी म्हणाली. "दोन-दोन तास. मी उठले की म्हणतो, तुला ऐकायला शिकवलं नाही कुणी."

"पण काहीतरी फायदा झालाच असेल?" साहेब काकुळतीला आले.

तेव्हा एक पोस्टातली बाई हळूच म्हणाली, "झाला. माझा नवरा खरंच बदललाय. पण वर्ग चालू असताना या समुपदेशक बाई मला दर आठवड्याला फोन करायच्या. मी काय सांगितलं ते त्याला कधी कळू दिलं नाही. म्हणून मला खरं बोलता आलं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. "हे फोन फॉर्ममध्ये कुठे आहेत?"

"नाहीत. जेवणाच्या सुट्टीत करायचे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा दीड तास नुसतं ऐकलं. मध्ये बोलायला चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा बेकरीवालीने बिस्किटांची बशी पुढे केली.

महिन्याभरात नियम बदलला: घरच्या बाईशी आधी एकांतात बोलायचं, तिचं बोलणं गुप्त ठेवायचं, नवऱ्याच्या शब्दावर कुणालाही पास करायचं नाही. वायरमनला पुन्हा पहिल्या बाकावर बसवलं. तो साहेबांवर इतका ओरडला, की साहेबांना दुसरा पुरावा लागला नाही.

बाईंनी शिवणवालीला विचारलं, "ते खरंच सुधारले तर परत जाल?"

"नाही," ती म्हणाली. "सुधारावंच त्यांनी. पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल." एवढं बोलायला तिला दोन वर्षं लागली होती. मग तिने बाईंच्या खिडकीचं माप घेतलं. पडदे अगदीच आखूड होते.