काकूंच्या स्वयंपाकघरातली रेघ

आधी मोजणी, मग खरेदी, असं मी म्हटलं आणि नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, सख्ख्या काकाकडून घर घेतोय आपण! मोजणी कसली?"

काकू तर एवढंच म्हणाल्या, "आमच्या शब्दावर विश्वास नाही का गं?" आणि त्यांनी अबोला धरला.

धरू दे म्हटलं. भाड्याच्या घरांतून बिऱ्हाड हलवून हलवून माझा जीव मेटाकुटीला आला होता. घरमालकाचा फोन वाजला की मी रिकामी खोकी शोधायला लागायची. आता तरी कोणी आपल्याला ऊठ म्हणू नये, एवढं एकच मला पक्कं हवं होतं. काकांची लागून लागून दोन घरं; एक आम्ही घेत होतो, दुसऱ्यात काका-काकू राहत होते. दोन्ही घरांमधली भिंत काकांनीच कधीतरी बांधलेली. भिंत म्हणजेच हद्द, असं सगळे धरून चालले होते. मी सोडून.

मोजणीवाला आला. जुना नकाशा पसरून, यंत्रातून बघत अंगणभर फिरला. मी त्याच्या मागे मागे. एका जागी पाय ठरेना माझा.

"किती कमी भरतंय?" शेवटी मी विचारलंच.

"कमी कुठलं? जास्त भरतंय. भिंत चुकीच्या जागी आहे, बाई. तुमची हद्द तिच्या पलीकडे जाते."

आणि तो चुना घेऊन थेट काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याने रेघ मारली. शेगडी, ओटा, डब्यांची फळी, सगळं आम्ही घेत होतो त्या जागेत! खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. काका मात्र "असं कसं, असं कसं" करत खालीच बसले.

काकू स्टुलावर चढल्या आणि डबे उतरवायला लागल्या. एकेक पुसायचा, झाकण दाबायचं, मोठे खाली, छोटे वर. टेम्पो दारात उभा असला की मी रचते, अगदी तसेच.

"काकू, हे काय करताय?"

"तुझ्या जागेतून काढतेय."

मी खालचा एक डबा उचलून परत फळीवर ठेवला.

"अहो, ठेवा ते वर!" मी ओरडलेच. मग मोजणीवाल्याकडे वळले. "आम्ही भिंतीपर्यंतच घेणार. तसं कागदावर आणा."

"नवा नकाशा करावा लागेल. दोघांच्या सह्या लागतील."

"लागू देत. नाहीतर उद्या आमच्यानंतर येणारा यांना उठवेल."

"एवढा तमाशा करून शेवटी भिंतीपर्यंतच?" नवरा पुटपुटला.

"हो, भिंतीपर्यंतच! चढवा हो काकू ते डबे."

"आधी सह्या होऊ देत," काकू म्हणाल्या.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही का?" माझ्या तोंडून गेलंच.

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा डबा खाली घेतला.