पाठीवरचा हात

लष्करी चौकीवरच्या सगळ्यांनी मिळून आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवलंय, अशी नव्या वायरलेसवाल्याची खात्रीच पटली होती. तो आला की बोलणं थांबायचं. स्वयंपाकी उगाच खोकायचा, हवालदार नकाशा उघडून बसायचा. आधीचा वायरलेसवाला कसा मेला, हे विचारलं की सगळे मूग गिळून गप्प.

त्यात ती त्यांची पद्धत! गस्तीला निघताना प्रत्येकाने पुढच्याच्या पाठपिशवीचा पट्टा आवळायचा, स्वतःचा नाही. याच्यामागे असायचा लोहार, गावाकडचा भाता सोडून फौजेत आलेला. त्याचा हात पिशवीपाशी जरा जास्तच रेंगाळायचा.

एकदा गस्तीवरून आल्याआल्या वायरलेसवाल्याने आपली पिशवी उपसली. वायरलेस संचाच्या चारपैकी तीन बॅटऱ्या गायब! बाकीचे आंघोळीला गेलेले पाहून त्याने सगळ्यांच्या पिशव्या धुंडाळल्या. लोहाराकडे एक, स्वयंपाक्याकडे एक, खुद्द हवालदाराकडे एक. ऐन गोळीबारात संच बंद पडला तर खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो लंगडतच कॅप्टनकडे गेला.

कॅप्टनने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"मीच वाटल्या, साहेब," हवालदार म्हणाला. "याचा गुडघा सुजलाय. परत पाठवतील म्हणून बापडा लपवतो. आधीचा असाच ओझ्यानं मागे पडला आणि गोळी खाऊन बसला. पुन्हा तसं नको, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं. विचारलं असतं तर यानं घेऊ दिलं नसतं."

कॅप्टन वायरलेसवाल्याकडे वळला. "गुडघ्याला काय झालंय?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खरं सांगायची हीच वेळ होती. पण मेला ताठा आडवा आला.

"काही नाही, साहेब. ठणठणीत आहे."

"मग ज्याचं सामान त्याच्याच पाठीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराने चारही बॅटऱ्या त्याच्यापुढे मांडल्या. "मोजून घ्या," तो म्हणाला. कालपर्यंत तो त्याला अरेतुरे करायचा.

रांग लागली. वायरलेसवाला लोहाराच्या हाताची वाट पाहत उभा राहिला. हात रेंगाळावा, पिशवी थोडी तरी हलकी व्हावी, असं त्याला फार फार वाटलं. हात आला, पट्टा नियमाप्रमाणे घट्ट आवळला आणि लगेच बाजूला झाला.

समोर चढ होता. पहिल्याच पावलाला गुडघ्यातून कळ गेली.

"चला," हवालदार म्हणाला.