झुंबरच्या नावाचं औषध

“घरी जा आजी. अर्जदारच राहिला नाही, आता कसली केस?”

हा आवाज तानूबाईने मुंबईला हायकोर्टाच्या व्हरांड्यात ऐकला होता. एक पट्टेवाला कुण्या म्हातारीला सांगत होता, रागाने नाही, कीव येऊनच. म्हातारीने पिशवी शोधली, ती हातातच होती, आणि जिना उतरून गेली. तानूबाईचा नवरा झुंबर शेजारी बसून खोकत होता. त्यालाही ऐकू गेलं असावं.

झुंबर सिल्वासाजवळ खडोलीच्या एका कारखान्यात कामाला होता. छातीत क्षय धरला, आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून दर वेळी तेच उत्तर आलं, “साठा नाही, बाहेरून घ्या.” बाहेरून परवडेल तितकं घ्यायचं, मग सोडायचं. अर्धवट औषधाने रोग आणखी मुरला. सिल्वासाच्या शाळेत शिकवणारे जयवंत सर मूळचे कोकणातले. त्यांनी मुंबईचा वकील गाठून झुंबरच्या नावाने अर्ज घातला, की हे औषध दवाखान्यात प्रत्येक रोग्याला मिळालंच पाहिजे. निकाल लांब होता. तोवर निदान अर्जदाराला तरी द्या, असा कोर्टाने हुकूम केला.

खिडकीतून लाल कॅप्सूल येऊ लागल्या. झुंबरला त्या उशिरा पोचल्या. हवापालटाला म्हणून तो शहाद्याकडे भावाच्या घरी गेला. चैत्रात निरोप आला तेव्हा तानूबाई एकटीच धावली, कारण लेक गुड्डी तापाने अंथरुणाला खिळली होती. पोचली तेव्हा नवऱ्याचा श्वास तेवढा उरला होता.

नदीवर बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. “रड गं, मोकळी हो,” म्हणाल्या. तिला रडू येईना. कानात व्हरांड्यातला आवाज होता. गुड्डीलाही बापाचाच रोग आहे असं डॉक्टर सांगून बसले होते, आणि हुकूम गुड्डीच्या नावाचा नव्हता. नवा अर्ज, नवा हुकूम. तोवर पोर टिकेल का, कोण सांगणार?

परतताना नवापूरच्या स्टँडवर ती एसटीतून उतरली आणि कासारासमोर बसली.

“कोणत्या भरू, मावशी?”

“हिरव्या.”

बांगड्या भरून झाल्यावर रीतीप्रमाणे तिने नमस्कार केला. “जन्मसावित्री हो, माय,” कासार म्हणाला. मग हॉटेलातल्या तडकलेल्या आरशात बघून तिने कुंकू लावलं. निखारा टेकावा तसं ते कपाळाला लागलं.

घरी गुड्डीने पहिलं तेच विचारलं. “बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत आता. तिकडे धुळ्याहून मिळतं त्यांना औषध. हे तू घे. त्यांच्या नावचं आहे, कुणापाशी बोलू नको.”

गुड्डी घाबरली ती कॅप्सूल सुरू झाल्यावर. “माय, लघवी लाल होते गं.”

“होऊ दे. त्या औषधाचा रंगच तसा.”

खिडकीवरचा कंपाउंडर गुजराती वळणाच्या मराठीत विचारायचा, “झुंबरभाई का नाय येत?”

“चालवत नाही त्यांना.”

आणि नळावर मंगला, शेजारच्या खोलीतली. “काय गं तानू, नवऱ्याने गावाला दुसरी केली का काय? परत यायचं नावच घेत नाही.”

बायका फिदीफिदी हसल्या. तानूबाईही हसली. “केली असंल. हात सोडत नाही म्हणे त्याचा.”

पण गळ्यात रडगाणं अडकून होतं. नवरा गेलेल्या बाईला त्याचं नाव घेऊन गाता तरी येतं, हिला तेही नव्हतं. स्टोव्ह भरभरू लागला, की त्याच्या आवाजाआड ती ओठातल्या ओठात म्हणायची:

नदीच्या पाण्यामंदी कुंकू गेलं वाहुनी
लेकीच्या गं जिवासाठी आले उसनं लेवुनी

संध्याकाळी पडद्याआडून खोकला यायचा. गुड्डी खोकायची ती हुबेहूब बापासारखी: आधी कोरडं, मग खोल विहिरीतून दोर ओढावा तसं लांब. तानूबाई कोमट पाण्याचा पेला भरायची आणि म्हणता म्हणता थांबायची, ‘उठा, घोटभर घ्या.’ खोकला चालू असेतो झुंबर घरात होता. ती त्याला भ्यायची, आणि उशीर झाला तर त्याची वाटही बघायची.

औषध लागू पडलं. खोकला विरळ झाला. पाऊस सरला, आणि एका संध्याकाळी खोकला आलाच नाही. गुड्डी गाढ झोपली होती, गालावर रंग आला होता. देवाजवळ तानूबाईने हेच मागितलं होतं. तरी ती पडद्याला कान लावून बसली, आणि आज, आत्ता नवरा गेला, असं वाटून तिने तोंडात पदर कोंबला.

दिवाळीच्या आधी जयवंत सर पेढे घेऊन आले. गुड्डी कामावरून नुकतीच परतली होती.

“निकाल लागला, तानूबाई. आता जो रोगी येईल त्याला औषध मिळणार. नावाचा हुकूम कुणी विचारणार नाही.”

“माय, मग आता बाबांना बोलावून घे,” गुड्डी म्हणाली.

“बोलवाच,” सर म्हणाले. “खरं सांगू? मला मधे फार धास्ती वाटायची. माणूस इतका आजारी, काही बरंवाईट झालं तर? शेवटी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तसं झालंच तर बायकोचं नाव लावू, केस पुढे चालते.”

“माझं नाव?”

“हो. वारस म्हणून. साधी गोष्ट आहे.”

तानूबाई पेढा हातात धरून उभी राहिली. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, पाळी बदलली, बायका बोलत बोलत गल्लीतून गेल्या.

“मग मला रडता आलं असतं,” ती म्हणाली.

“कशाला रडायचं, माय?”

“गुड्डे, खाली बैस. तुझे बाबा चैत्रातच गेले. शेवटचं पाणी मीच त्यांच्या तोंडात घातलं, आणि इथं येऊन त्यांच्या नावाचं औषध तुला देत राहिले.”