कार्डावरचा उभा बैल

मी एक कार्ड बोलतोय. राजा-राणीच्या पत्त्यांतलं नाही. दोघं समोरासमोर बसून आपापली फौज लढवतात, त्या नव्या खेळातलं. माझ्यावर एक बैल काढलाय. खाली बारीक इंग्रजी आहे, ते मला वाचता येत नाही. वाचणारे वाचतात आणि मला बाजूला टाकतात. म्हणजे फार चांगलं लिहिलेलं नसावं.

कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारखे लाखो बैल छापले, कापले, चकचकीत पाकिटांत कोंबले. मी आलो आदिलाबादला, नीलिमाताईंच्या दुकानात. तिथं पोरं पाकीट आधी कपाळाला लावतात, डोळे मिटतात, मग फोडतात. आत ड्रॅगन निघाला तर उड्या. मी निघालो की, "हट्, परत बैल!" ड्रॅगनला लगेच प्लास्टिकचं कव्हर. मला चहाच्या कपाखाली. शिंगाजवळचा गोल डाग तेव्हाचा.

ताईंच्या घरचे सगळे नोकरदार. "मुलगी पत्ते विकते, असं सांगायचं का लोकांना?" म्हणून अजून टोचतात. त्यात कंपनीचा नियम : महिन्याच्या सामन्याला आठजण बसलेच पाहिजेत. दोन महिने सातावरच अडलं होतं. तिसऱ्यांदाही अडलं तर माल बंद. माल बंद म्हणजे दुकानच बंद.

त्या रविवारी पुन्हा सातच आले. ताईंनी दहादा रस्त्याकडे पाहिलं. शेवटी नजर बाकावर गेली. तिथं तामसीचे माणिकराव बसले होते. शहरात काम झालं की बसची वेळ होईपर्यंत ते ताईंच्या पंख्याखाली टेकत.

"काका, खेळता का?"

"मले वाचता येत नाई, बाई."

"चित्रं बघून खेळा. तुम्ही नुसतं बसलात तरी माझं दुकान वाचेल."

"बसायचंच असन तर काय! तसाबी बसूनच राह्यलो."

ताईंनी उरल्यासुरल्या कार्डांचा गठ्ठा त्यांना दिला. उरलेले म्हणजे आम्हीच, बहुतेक बैल. समोर हर्षदीप, दुकानातला पहिलवान. ह्याची कार्डं कुलपाच्या डबीत राहतात.

माणिकरावांनी मला दूर धरून पाहिलं, मग जवळ. "खांदा चांगला हाय. पण वेसण काऊन नाई?"

"काका, वेळ चाललाय," हर्षदीप म्हणाला.

"जाऊ दे न. तुले का वावरात पाणी सोडायचं हाय?"

ताईंनी नियम सांगितला : हल्ला केला की कार्ड आडवं करायचं. आडवं म्हणजे दमलेलं. ते मग समोरच्याला अडवू शकत नाही. त्यांनी मला आडवं करून दाखवलं. माणिकरावांचा चेहराच उतरला. त्यांनी दोन बोटांनी मला परत उभं केलं.

"बैल असा पडला म्हंजे डाक्टर बलवा लागते, पोरी. मी नाई पाडत."

"अहो, मग जिंकणार कसे?"

"मले कुठं जिंकायचं हाय?"

झालं. हर्षदीपचा ड्रॅगन यायचा, एक बैल अडवायला जायचा आणि मरायचा. माणिकराव त्याच्यावरून हात फिरवायचे आणि दुसरा बैल उभा करायचे. सगळं सावकाश. हल्ला एकदाही नाही. पन्नास मिनिटांनी वेळ संपल्याची घंटी वाजली, तेव्हा मी एकटा उभा होतो. हरलं कुणीच नाही, म्हणून डाव बरोबरीत!

"हा काय खेळ आहे?" हर्षदीप ओरडला.

पुढचे दोन डावही तसेच गेले. तेवढ्या वेळात तामसीच्या दोन बस निघून गेल्या. पण कंपनीला पाठवायच्या यादीत ताईंनी आठवं नाव लिहिलं, आणि लिहिताना डोळे पुसले.

मग त्यांनी बक्षीस म्हणून एक चमकणारा ड्रॅगन काकांपुढे धरला.

"हे जनावर गोठ्यात मावन का? तो बैल दे."

तामसीपर्यंत मी त्यांच्या हातात उभ्यानंच आलो. आता गोठ्यातल्या कोनाड्यात राहतो, त्यांच्या सोन्या बैलासमोर; तिथंही उभाच. दर महिन्याला सामन्याला जातो. दुकान चालू आहे. हर्षदीपला आम्ही अजून जिंकू दिलेलं नाही. हल्ली तो काकांसाठी चहा आणतो; लवकर खेळतील, अशी आशा. काका चहाही सावकाशच पितात.

तुम्ही कधी तामसीला गेलात तर माझं एवढं काम करा. माणिकरावांना म्हणावं, समोर तुमचा सोन्या बघा, संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन कसा रवंथ करत बसतो. बैल बसतोसुद्धा हो, डॉक्टर लागत नाही. सामना नसेल त्या दिवशी तरी मलाही जरा टेकू द्या.