आप्पांचं थांबणं

टण्... ओट्यावरून घसरता घसरता राहिलेली वाटी कडेवर गरगरत राहिली, आधी मोठ्यानं, मग बारीक, मग नुसतीच थरथर — आणि सकाळच्या त्या निवांत घरात सुकन्या हात न लावता ती थांबायची वाट पाहत उभी राहिली. सात सेकंद असतील. आठही असतील. कालपासून तिला हा नादच लागला होता, प्रत्येक गोष्टीला किती वेळ लागतो ते मोजायचा. आत गोलूनं कूस बदलली, आणि त्या एवढ्याशा आवाजावरून तिला कळलं की पोरगी अजून अर्धा तास तरी उठत नाही.

आप्पा किती थांबले होते? दहा? पंधरा?

काल लातूरला, पत्त्यांच्या ब्रिज स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत. समोर आप्पा — गुरुपादप्पा, सत्तरी ओलांडलेले, मूळचे उदगीरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन नांदेडला स्थायिक झालेले, सहा वर्षांपासून तिचे भिडू, सरावाला तिच्याच घरी येणारे. डावीकडे मुरुडचा भुजंग, उजवीकडे त्याची भिडू रूपाली, सुकन्याहून लहान, पहिल्यांदाच एवढ्या पुढं आलेली. बोली सुकन्यानंच बदामानं उघडली होती, आप्पांनी तिला दुजोराही दिला होता. मग भुजंगनं दोन इस्पिक लावले. आता आप्पांची पाळी. त्यांचा हात बोलीची कार्डं ठेवलेल्या पेटीकडे गेला, मागं आला, त्यांनी चष्मा सारखा केला, हात पुन्हा गेला, तिथंच राहिला... आणि शेवटी पासचं हिरवं कार्ड टेबलावर आलं. रूपालीनंही पास दिला. सुकन्याजवळ होतं तेवढं तिचं सांगून झालं होतं. तिनंही पास दिला असता तर बोली तिथंच मिटली असती. तिनं तीन बदाम लावले. आणि नेमके नऊ हात झाले, तीन बदामांना लागतात तेवढेच.

ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचं ते बोलीनंच. भिडूचा उसासा, भिडूची भुवई, भिडूचं थांबणं — यातलं काहीही आपण पाहिलेलं नाही, असं समजून खेळायचं. तो थांबला म्हणजे त्याच्याकडं काहीतरी आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कळलेलं बाजूला ठेवून, आपल्या पत्त्यांनी जे सांगितलं असतं तेच करायचं. हे तिला आप्पांनीच शिकवलं होतं. ‘अव्वा, समोरच्याला ओळखतीस ते घरी ठेवून यायचं,’ असं म्हणायचे; कानडी वळणानं तिला ते अव्वाच म्हणत.

पण घरी तर दिवसभर दुसरं काय असतं? गोलू जेवताना एक घास तोंडात धरून गप्प झाली की कपाळाला हात लावून बघायचा — ताप येणार. हरिओम बूट काढून दारातच जरा जास्त वेळ वाकलेला राहिला, की ओळखायचं, आज ऑफिसात काहीतरी बिनसलंय, आत्ता काही विचारायचं नाही. पाच वर्षं मी हेच करत आले, लोकांच्या थांबण्यावर माझं घर चालवत आले... आणि त्या टेबलाशी बसल्यावर तेवढंच एक डोळ्याआड करायचं होतं. तेवढंच जमलं नाही.

रूपालीनं पंचांना बोलावलं. धम्मानंद सर आले, वाकून म्हणाले, “मॅडम, आप्पा थांबले होते का?”

“नाही. नेहमीइतकाच वेळ.”

आप्पा स्वतःच्या नखांकडं बघत होते.

“मॅडम म्हणतात ना, मग झालं. त्या खोटं कशाला बोलतील?” सर म्हणाले, आणि डाव तसाच राहिला. पुण्याला राज्यस्पर्धेसाठी दोन जोड्या जाणार होत्या; दुसरी जोडी आप्पांची आणि तिची ठरली. त्या एका डावानं रूपाली-भुजंग तिसरे आले. रूपाली पिशवी आवरताना म्हणाली, “असू द्या ताई, मलाच तसं वाटलं असंल.” तिनं भांडायला पाहिजे होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

निकालाबद्दल काही सांगायचं असेल तर सोमवारी दहाच्या आत. म्हणजे आज.

“काय विचार करून राहिलीस?” हरिओम डबा घ्यायला आत आला. “पुण्याला चाललीस, हसायचं सोडून तोंड बघा! ऑफिसात पेढे वाटू का नको, सांग.”

“थांबा जरा.”

“आता कशासाठी थांबू? बायको राज्यात खेळणार म्हणून साहेबालाच सांगून टाकलं मी,” असं म्हणत तो गेलासुद्धा. जिना उतरताना शीळ घालत होता.

साडेनऊला तिनं आप्पांना फोन लावला. हात कणकेनं माखलेला होता म्हणून फोन ओट्यावर ठेवून, स्पीकरवर.

“बोल अव्वा! कोट उन्हात टाकलाय मी. डांबरगोळ्याचा वास लई भरलाय. पुण्याचे लोक वासानंच पळतील, पत्ते कशाला टाकायचे?” ते हसले. “डोळ्याच्या डॉक्टरला सांगितलं, ऑपरेशन पुण्याहून आल्यावर. एकदा राज्यात खेळू दे, मग काय दिसंल ते दिसंल.”

“आप्पा, काल तुम्ही थांबला होता.”

पलीकडं कुठंतरी नळ चालू होता.

“हाव,” ते म्हणाले. “थांबलो होतो.”

“मी धम्मानंद सरांना सांगणार आहे. दहाच्या आत.”

आणि मग ते थांबले.

तिला त्यांची दोन थांबणी माहीत होती. एक नुसतं मोजण्याचं, त्यात श्वास चालू असायचा, ओठ हलायचे. दुसरं, श्वास अडवून धरलेलं. हे दुसरं होतं. त्यात सगळं होतं — तो कोट, ते डोळे, काल नखांकडं बघत गप्प बसण्यातला त्यांचा वाटा, जो आता तिच्या बोलण्यानं चारचौघांत उघडा पडणार होता — आणि ‘नको’. ते म्हणणार नव्हते. पण तिला स्पष्ट ऐकू येत होतं, नको, अव्वा, नको.

“पाळी तुझी हाय,” बऱ्याच वेळानं आप्पा म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. “आपले पत्ते बघून बोल.” आणि फोन ठेवला.

तिनं हात धुतले. पुसले. नऊ चाळीस. मोबाइलवर धम्मानंद सरांचा नंबर काढून ठेवला आणि अंगठा वर धरला... कालची ती शरम आता तितकीशी टोचत नव्हती. तिच्या जागी काहीतरी मोकळं, गार, फार एकटं आलं होतं. समोर भिडू नसलेल्या टेबलासारखं. आत्ताचं ते थांबणं मी ऐकलंच नाही, असं समजायचं होतं. प्रेम करून ओळखलेलं माणूस न ओळखल्यासारखं करायचं होतं... आणि ते जमलं तर त्याला खेळणं म्हणायचं की आणखी काही, हे आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं.

“आई.”

गोलू दारात उभी होती, केस विस्कटलेले, एका गालावर उशीची घडी उमटलेली. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती ओट्यावरच्या फोनकडं बघत होती.

“आई, आप्पा आता आपल्याकडं येणार न्हाईत का?”