पिंगळी ते परभणी सापशिडी

सत्यशीलेला परभणीच्या शिवणवर्गात नाव घालायचं होतं. लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही काखांत कुबड्या. थोरला भाऊ भुजंग म्हणाला, "आधी एस.टी.नं एकटी जाऊन ये, मग खुशाल घाल नाव. रोज तुला उचलायला मला येळ न्हाई."

शेजारचे दिनकरराव गुरुजी निवृत्त झालेले, बोलायला बुजरे. पण शिकवल्यावाचून चैन पडत नसे. त्यांनी ओसरीवर खडूनं सापशिडी काढली. खाली पिंगळी, वर परभणी. गाडीची उंच पायरी हा साप, दारातली रेटारेटी हा साप. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, म्हणून बंदमुळं न आलेली गाडी हाही एक साप. सोंगटी सापाच्या तोंडी आली की सुटायची युक्ती सांगायची. सांगितली तर घसरायचं नाही. लांबलचक शिडी एकच: 'भला माणूस उचलून बसवतो.'

भुजंगाच्या बायकोची, धुरपतावहिनीची, सोंगटी हमखास त्याच शिडीवर चढे. "मला तर समदी भलीच माणसं भेटायलीत," ती हसे.

एका दुपारी सत्यशीलेची सोंगटी शिडीशी आली. तिनं ती वर नेलीच नाही.

"गुरुजी, ही शिडी न्हाई, साप हाय. जत्रंत मला एकानं असंच उचलून गाडीत टाकलं. कुबड्या खालीच राहिल्या. उतरल्यावर मी मातीत बसून."

गुरुजी गोरेमोरे झाले. शिडी पुसून त्यांनी खडू तिच्या हाती दिला. तिनं तिथं जाडजूड साप काढला.

"आता ह्याच्यातून सुटून दाखीव," वहिनी म्हणाली.

मग ओट्याची गाडी झाली, वहिनी कंडक्टर झाली आणि दिसली सत्यशीला की उचलायला धावू लागली.

बाजाराच्या दिवशी खरी गाडी आली. भुजंग हात मागं बांधून लांब उभा. कंडक्टर वाकला.

"हात लावू नका, भाऊ. आधी कुबड्या वर घ्या, माझ्या नजरेसमोर ठेवा. अन् दांडी मोकळी करा."

"लय हुकूम सोडायलीस की," आतून एक म्हातारा म्हणाला.

"तुमीबी पाय आवरा, आजोबा."

ती पाठमोरी पायरीवर टेकली, दांडी धरली, अंग उचललं. एक पायरी. मग दुसरी. कंडक्टरनं कुबड्या हातात दिल्या आणि घंटी मारली.

संध्याकाळी भुजंग फाट्यावर थांबला होता. गाडी आली. ती चढली होती तशीच, आपली आपण उतरली.

"नाव घालून आले, दादा."

"मी म्हणलो व्हतो, आधी नुसतं जाऊन ये."

"गेलेच व्हते, मग दुसरा हेलपाटा कशाला?"

भुजंगाला हसू आवरेना. घराच्या वळणावरूनच त्यानं बायकोला हाक दिली, "ऐकलं का, सोमवारपासून हिचा डबा सकाळच्या गाडीच्या आत झाला पायजे."