प्रायमरचा पाचवा हात

परीक्षक महाशय, हे पाप तुमचं. शाळकरी पोराच्या चित्राखाली 'कल्पनाशक्ती बेताची' असा शेरा खरडायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असेल? खरडलात आणि चहाला उठलात. त्या पोराचे आता केस पिकले, दुकानांच्या पाट्या रंगवून तो पोट भरतो, पण तुमचा शेरा अजून त्याच्या मानगुटीवरून उतरलेला नाही.

या पेंटरला घरात उद्याबापू म्हणतात. नाव त्याच्या थोरल्या बहिणीनंच ठेवलं. ताई बालवाडी चालवते. वर्गाची लांबलचक भिंत तिनं भावाच्या हवाली केली आणि सांगितलं, यावर जंगल काढ, तुझ्या मनातलं. सोमवारी पोरं येणार. रविवारी संध्याकाळपर्यंत भिंत कोरीच राहिली, तर तिच्यावर छापील फ्लेक्स चढणार.

लोकांनी सांगितलेली अक्षरं उद्याबापू डोळे मिटून काढेल. पण 'मनातलं' म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. मग पठ्ठ्यानं काय केलं? प्रायमर मारला. प्रायमरशिवाय रंग धरत नाही, हे खरंच आहे. पहिला हात वाळला, तो पॉलिश पेपरनं घासून दुसरा मारला. मग तिसरा. कोपऱ्यात ओल वाटतेय म्हणून चौथा. रविवारी दुपारी ताई जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा साहेब पाचवा हात घासत होते आणि भिंत अशी गुळगुळीत, की माशीनं बसायला जावं आणि घसरून पडावं.

भिंतीचं फेशियल चाललंय का, ताईनं विचारलं. पाया पक्का हवा, तो म्हणाला. तुझा पाया पक्का होईतो या पोरांची लग्नं उरकतील, ती म्हणाली.

त्यानं पॉलिश पेपर खाली ठेवला. मग भिंतीकडे तोंड करूनच बोलला, "वाईट झालं तर रोज दिसत राहील गं. कोरी आहे तोवर चांगलं होईल असं वाटतं तरी."

ताईनं समजूत वगैरे काढली नाही. बाह्या सरसावल्या, करड्या रंगात मोठा ब्रश बुचकळला आणि भिंतीच्या मधोमध हत्ती काढला. हिच्या हातात पट्टी दिली तरी रेघ वाकडी जाते. हत्तीची किटली झाली, आणि मागे लोंबतंय ते शेपूट की पाचवा पाय, ते त्या हत्तीलाच ठाऊक.

उद्याबापूच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्यांनी बिघडवलेल्या पाट्या निस्तरण्यात त्याचा जन्म गेलेला. चुकीचं काही दिसलं की हात शिवशिवतात. "सरक," म्हणाला. आधी कान सुधारला. कानाला साजेसा डोळा हवा. डोळा झाला, पण तो बघतोय कुणाकडे? म्हणून समोर माकड. माकडाला फांदी, फांदीला झाड. दुरुस्ती म्हणता म्हणता जंगल दाराच्या चौकटीला जाऊन भिडलं. डबा तसाच राहिला.

फ्लेक्सवाला आला, गुंडाळी बगलेत धरून बघत राहिला. माकड थेट आमच्या मेव्हण्यावर गेलंय, म्हणाला, आणि गुंडाळी न सोडताच निघून गेला.

उद्याबापू चार पावलं मागे आला. डोळे बारीक केले. मग हळूच प्रायमरच्या डब्याकडे वाकला. हत्तीचं पोट जरा सुटलंय म्हणे. एक पातळ हात मारू, उद्या पहाटे नव्यानं काढू.

ताईनं डब्याच्या झाकणावर पाय ठेवला.

"पोटाचं हत्ती बघून घेईल. तू माझ्याकडे बघ आणि एवढंच सांग. चित्र पूर्ण झालं की नाही?"